लग्न झालेल्यांचीच तपासणी

“मी आता त्या घरात पाऊल टाकणार नाही,” असं म्हणून माणिकनं बॅग माझ्या कॉटवर आदळली आणि स्वतः बॅगेशेजारी धपकन बसली.

मे महिन्यातली दुपार होती. फलटणचं ऊन काय असतं ते तिथं राहिलेल्यालाच ठाऊक. मुली सुट्टीला आपापल्या गावी गेलेल्या आणि कॉलेजच्या एवढ्या मोठ्या वसतिगृहात मी एकटी. मी तिथली रेक्टर होते, निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिले. सुट्टीत खोल्याखोल्यांतून गाद्या गुंडाळून ठेवलेल्या असायच्या, आणि जिन्यात आपल्याच चपलांचा आवाज ऐकून आपणच दचकावं अशी शांतता. ओळखीच्या बायका म्हणायच्या, “तुमची मजा आहे बाई, ना कटकट ना किटकिट.” मजा कसली डोंबलाची! माणसाचा आवाज कानावर पडावा म्हणून मी दिवसभर रेडिओ लावून ठेवायचे. तेव्हा खरं सांगायचं तर माणिकला दारात बघून आधी मला आनंदच झाला. तिच्या चेहऱ्याकडं लक्ष नंतर गेलं.

“काय झालं? दिगंबररावांशी भांडलीस?”

“नाव काढू नकोस त्या माणसाचं.”

“बरं, नाही काढत. पाणी पी आधी.”

ती घटाघटा पाणी प्यायली आणि पदरानं तोंड पुसता पुसता रडायला लागली. माणिक आणि रडणं! ही बाई सासूच्या आजारपणात दोन वर्षं हसतमुखानं राबली होती. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून, दोन पोरी शिकवून, वर माझ्यासारख्या एकट्या जिवाला दर सणाला डबा पोचवणारी बाई. मला या गावात आपलं म्हणावं असं तेवढं एकच माणूस होतं.

“मंदे, माझं ते शिबिरातलं आलं. पॉझिटिव्ह.”

मी रेडिओ बंद केला.

“कसलं ते कळलं ना? त्या गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरच्या विषाणूचं. तो काय हवेतून येतो? बाईला येतो तो पुरुषाकडून. मी तर आयुष्यात दुसऱ्या पुरुषाकडं मान वर करून बघितलं नाही. मग घरात आणला कुणी?”

“डॉक्टर काय म्हणाल्या?”

“ती काय म्हणायचीय! पोरगी आहे आमच्या रेवतीच्या वयाची. म्हणे, काकू, हा जुना पण असू शकतो. वीस-पंचवीस वर्षांचा. म्हणे, तरुणपणी येतो नि गप बसतो, नि पाळी गेली की परत डोकं वर काढतो. मी काय कुक्कुलं बाळ आहे? त्यांना शिकवलेलंच असतं असं बोलायला, लोकांची घरं मोडू नयेत म्हणून. तीस वर्षं हा माणूस बियाण्यांच्या कंपनीत फिरतीवर आहे, मंदा. आज जालना, उद्या धुळे. लॉजवर मुक्काम. आणि मी इकडं त्याच्या आईचं हगणं-मुतणं काढतेय!”

“तू त्यांना विचारलंस?”

“काय विचारू? आणि त्यांनी उलटून मलाच विचारलं तर? ‘माझ्यात काही नाही, तूच सांग कुठून आणलंस,’ असं म्हणाले तर मी कुठं तोंड दाखवू?”

“आणि पुढची तपासणी? साताऱ्याला?”

“कुठं जात नाही मी. मरू दे मेलं. मेले तर सुटेन.”

मी चहा टाकायला उठले. गॅसपाशी उभं राहून भांड्यात पाणी किती घातलं याचाही मला पत्ता नव्हता. कारण आदल्याच दिवशी त्याच डॉक्टरांनी मलाही बोलावून घेतलं होतं आणि माझंही पॉझिटिव्ह आलं होतं. एका वाक्यात मी माणिकचं घर सावरू शकत होते. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे सव्वीस वर्षं कुलपात ठेवलेली गोष्ट बाहेर काढायची, आणि माझी सगळी पत त्या कुलपावर उभी होती.

त्या शिबिराचं सांगायला हवं. महिला मंडळानं पंचायत समितीच्या सभागृहात भरवलं होतं. तिशीच्या पुढच्या बायकांसाठी फुकट तपासणी. मीच मोठ्या उत्साहानं कॉलेजातल्या सगळ्या बायकांना गोळा करून नेलं. रांगेत माझ्या पुढं माणिक. माझा नंबर आला तशी नर्सबाई मोठ्यानं म्हणाली, “कुमारी मंदाकिनी... अहो, कुमारी? मग तुमची नाही करायची मॅडम. लग्न झालेल्यांचीच करतात.”

सगळ्या हसल्या. माणिक तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाली, “आमची मंदा म्हणजे सोवळ्यातली बाई. तिला कसली धाड भरलीय!”

तो ‘कुमारी’ शब्द मी किती वर्षं वागवला म्हणून सांगू! दारावरच्या पाटीवर कुमारी, पगारपत्रकात कुमारी, स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणात कुमारी. लांबलांबच्या खेड्यांतले आईबाप पोरी माझ्या हवाली करून निर्धास्त जायचे ते त्याच शब्दाच्या भरवशावर. “बाई लग्नाशिवाय राहिल्या, पण बोट दाखवायला जागा नाही,” असं माझ्यासमोर बोलायचे, आणि मी मान डोलवायचे. संध्याकाळी सातला फाटकाला कुलूप लावणारी मी. गॅलरीतून मोबाइलवर कुजबुजणाऱ्या पोरींना खडसावणारीही मीच. पोरी मला मागं ‘जेलर’ म्हणायच्या, ते मला माहीत होतं आणि वाईटही वाटत नव्हतं.

पण पाळी जाऊन दोन वर्षं झाल्यावर त्या हिवाळ्यात एकदा मला डाग दिसला होता. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. माझ्यामागं रडायला कुणी नाही हे खरं, पण म्हणून काय मरायची हौस असते? बायका पुलाव खायला बाहेर गेल्या तशी मी पडद्याआड शिरले. डॉक्टर नसरीन हातमोजे काढत होती.

“माझीपण करा,” मी म्हणाले.

तिनं एकदाच माझ्याकडं बघितलं. “या मॅडम, झोपा,” एवढंच म्हणाली आणि नवे हातमोजे चढवले. त्या पोरीचे उपकार मी विसरणार नाही.

निकाल सांगताना तिनं दार लावून घेतलं होतं. म्हणाली, “घाबरू नका, हा कॅन्सर नव्हे. विशी-पंचविशीत हा विषाणू कितीतरी जणींना होऊन जातो. सर्दीसारखा येतो आणि बहुतेकींच्या अंगातून वर्षा-दोन वर्षांत निघूनही जातो, त्यांना कळतसुद्धा नाही. काहींच्यात तो पुरता जात नाही, कोपऱ्यात दबून बसतो. पाळी जायच्या सुमाराला शरीराचा पहारा ढिला पडतो, मग पुन्हा सापडायला लागतो. म्हणून तर पन्नाशीच्या बायकांनाही आम्ही बोलावतो. काहींना या वयात नवाही होतो. कधी आला, कुणाकडून आला, हे कुठलीच तपासणी सांगू शकत नाही. आता साताऱ्याला जाऊन दुर्बिणीतून आत बघून घ्यायचं. काही खराब दिसलं तर तिथल्या तिथं काढता येतं.”

इतरांचं कोण जाणे, पण माझा कधी आला आणि कुणाकडून आला हे मला चांगलं ठाऊक होतं. एकच तर माणूस होता. घरी येऊन मी खुर्चीत बसले आणि आधी मला हसू आलं. त्या माणसाचा माझ्याजवळ एक फोटोसुद्धा नाही. रुमाल नाही, पेन नाही, काही नाही. आणि हे तेवढं राहिलं होतं! हसता हसता केव्हा हुंदका फुटला ते कळलं नाही. कुणाला तरी सांगावं असं इतकं वाटलं, इतकं वाटलं, की माणिकला फोन लावायला हात गेला होता. पण ‘सोवळ्यातली बाई’ आठवलं आणि हात मागं आला.

आणि दुसऱ्या दिवशी तीच माझ्या कॉटवर बसून रडत होती.

त्या दिवशी मी माझं काही सांगितलं नाही. डॉक्टरांचंच बोलणं पुन्हा समजावून सांगितलं. ती म्हणाली, “तुझं लग्न झालेलं नाही, तुला यातलं काय कळणार!” तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर मी असलं बोलणं ऐकून घेतलं नसतं. दिगंबररावांचे फोनवर फोन येत होते, आणि ती मोबाइल उशीखाली दाबून ठेवत होती. सुचेनासं झालं की माणिकला काम लागतं. तिनं माझी सगळी भांडी घासली, पडदे धुतले, कपाट रिकामं करून परत लावलं. माझं स्वयंपाकघर एवढं स्वच्छ मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाची कडी वाजली. बघते तर दिगंबरराव. पुरुषमाणसानं फाटकाच्या आत यायचं नाही, वडील असले तरी नाही, हा माझाच नियम. बिचारे बाहेर उन्हात उभे. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं एक सोडून एक लावलेली.

“मंदाताई, ती आहे ना आत?”

“आहे.”

“मग ठीक आहे.” त्यांनी केवढा तरी श्वास सोडला. खिशातून गोळ्यांचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. “बीपीच्या गोळ्या विसरून आलीय. सकाळची घ्यायला सांगा तिला, चुकवते ती. आणि ताई, माझं काय चुकलं तेवढं विचाराल? मला काहीच कळंना झालंय. ती सांगेल ते मी ऐकीन. नुसतं सांग म्हणावं.”

मी त्या माणसाकडं नीट बघून घेतलं. तो धुतल्या तांदळासारखा होता का? मला काय ठाऊक! फिरतीवरच्या लॉजवर कुणी काय केलं हे त्याचं तो जाणे. पण एक कळत होतं. त्याला बायको हवी होती, तिलाही तो हवा होता, आणि दोघांच्यामध्ये जे आडवं पडलं होतं ते मी उचलू शकत होते. मी नाही उचललं तर ही बाई साताऱ्याला जाणार नव्हती. आत काही वेडंवाकडं वाढत असलं तर वाढत राहणार होतं.

आत आले तर माणिक मुलींच्या जेवणघरात विळीवर कैऱ्या चिरत बसलेली. मेसच्या लोणच्याच्या कैऱ्या, आठवड्याभरानं चिरल्या तरी चाललं असतं. मी गोळ्या तिच्यासमोर ठेवल्या.

“कुणी दिल्या?” तिनं विचारलं, आणि मग तिच्याच लक्षात आलं. तिनं हातातली कैरी खाली ठेवली.

मी तिच्यासमोर पाटावर बसले.

“माणिक, मलापण आलंय.”

“काय आलंय?”

“तेच. पॉझिटिव्ह.”

ती चक्क हसली. “गप गं. तुझी तपासणी तरी कुठं झाली? मला बरं वाटावं म्हणून कायपण थापा मारतेस.”

“झाली. तुम्ही सगळ्या पुलाव खायला गेलात तेव्हा.”

“पण तुझी कशाला करतील? तू तर...”

ती थांबली. मी तिच्या डोळ्यांत बघत राहिले. एकदा ठरवलं होतं, आता मान खाली घालायची नाही.

“मी सव्वीस वर्षांची होते,” मी म्हणाले. “पाटणच्या शाळेत होते तेव्हाची गोष्ट. एकच माणूस. त्याच्यानंतर आजतागायत कुणी नाही. इथं आल्यापासून तू मला बघतेस. माझ्या दाराशी पेपरवाला आणि गॅसवाला सोडून पुरुष फिरकलेला तू कधी बघितलास? मग तूच सांग, माझा कुठून आला? काल आला? परवा आला?”

तिचे ओठ हलत होते, ती वर्षं मोजत असावी.

“म्हणजे तेव्हापासून... इतकी वर्षं?”

“हो.”

“आतल्या आत?”

“आतल्या आत.”

विळीवर तिचा पाय तसाच. खाली कैरीच्या फोडी. आता ती विचारणार. कोण होता? कसा होता? लग्न का नाही केलंस? आम्हाला का नाही बोललीस? सव्वीस वर्षं मी त्या प्रश्नांना भीत होते. रात्रंदिवस उत्तरं तयार करून, पाठ करून ठेवली होती. काही खोटी, काही अर्धी खरी. आणि आता वाटत होतं, खरीच देऊन टाकू. सगळं सांगू. तिनं नुसतं “कोण गं?” म्हणायचा अवकाश.

“म्हणजे ह्यांचं आत्ताचं असेलच असं नाही!” माणिक म्हणाली.

“असेलच असं नाही,” मी म्हणाले. “नसेलच असंही मी सांगू शकत नाही. कुणीच नाही सांगू शकत. पण जे कुणालाच कळत नाही त्याच्यावरून तू घर मोडणार का, ते तुझं तू बघ.”

“नाही, नाही, तुझं जर एवढं जुनं निघू शकतं... म्हणजे लग्नाच्या आधीचं त्यांचं काही असलं तर ते सोडून द्यायला येतं. तेव्हा आम्ही एकमेकांना ओळखतसुद्धा नव्हतो. डॉक्टर खरंच बोलत होती की गं! आणि मी वेड्यासारखी...” ती उठली आणि कैरीच्या चिकट हातांनीच मला मिठी मारली. ओक्साबोक्शी रडली. “मंदे, तू नसतीस तर मी काय करून बसले असते! देवासारखी धावलीस बघ.”

मग तिची जी धांदल उडाली! गोळी घेतली, तोंड धुतलं, वेणी घातली, बॅगेत कपडे कोंबले. फाटकाबाहेर दिगंबरराव अजून उभे आहेत का ते दोनदा खिडकीतून बघितलं. निघताना उंबऱ्यातून परत आली, माझा हात हातात घेतला आणि आवाज उतरवून म्हणाली, “मी कुण्णाला बोलणार नाही हं. ह्यांनासुद्धा नाही. तुझ्या गळ्याची शपथ.”

“बरं,” मी म्हणाले.

तिनं शपथ पाळली, अगदी आजपर्यंत. माझी नोकरी, माझी पाटी, माझा मान, कशाकशाला धक्का लागला नाही.

साताऱ्याला ती नवऱ्याबरोबर गेली. मी दुसऱ्या दिवशी एसटीनं एकटी गेले. माणिकचं आत सगळं स्वच्छ निघालं. माझ्यात थोडा भाग खराब दिसला, तो त्यांनी लगेच जाळून टाकला. दुखलं म्हणण्याइतकं काही नव्हतं. “बरोबर कोण आहे?” असं तिथल्या बाईनं विचारलं तेव्हा मी म्हणाले, “बाहेर बसलेत.” बाहेर बाकावर माझी पिशवी होती.

येताना गाडीत खिडकीशी बसून मी त्याची आठवण काढत आले. चित्रकलेचा मास्तर होता, चार महिन्यांसाठी बदली म्हणून आलेला. रंग कालवताना शीळ घालायचा, आणि हेडमास्तर आले की ती शीळ खोकल्यात बदलायचा. मला पोट धरून हसायला लावणारं माणूस माझ्या आयुष्यात तेवढं एकच. घरच्यांनी त्याचं लग्न ठरवलं ते त्यानं मला पाटणच्या स्टँडवर सांगितलं आणि सांगताना तो माझ्यापेक्षा जास्त रडला. मी त्याच्यावर चांगली वर्षभर चिडलेली होते. मग राग गेला, माणूस गेला नाही. हे सगळं मी खिडकीबाहेरच्या उसाला सांगितलं, दुसरं कोण होतं ऐकायला!

जून उजाडला, मुली यायला लागल्या. एका रविवारी माणिक आली. सांडग्यांचा डबा, कुरडया, नवऱ्याचं कौतुक, रेवतीच्या सासरच्यांची गाऱ्हाणी, सगळं घेऊन आली. चेहरा तजेलदार दिसत होता. मला मनापासून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझं साताऱ्याचं कसं झालं ते तिनं विचारलं, मी सांगितलं. “मी आले असते गं तुझ्याबरोबर,” ती म्हणाली, “पण ह्यांनी रजा काढलेली, त्यात आमचंच उरकलं.” मी म्हटलं, त्यात काय एवढं.

जायला उठली, चपला घातल्या, आणि दारात थबकली. माझ्याकडं बघून जरा घुटमळली.

“मंदे, तुला एक विचारीन विचारीन म्हणते नि राहूनच जातंय.”

जिन्यात दोन मुली उभ्या होत्या, त्यांना मी खोलीत जायला सांगितलं. दार लोटून घेतलं. त्याचं नाव अगदी जिभेवर आलं होतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

“विचार ना,” मी म्हणाले.

“त्या दिवशीच्या गडबडीत माझा हिरवा टॉवेल इथंच राहिलाय का गं?”

मी तिच्याकडं बघत राहिले. ती खरोखरच टॉवेलचंच विचारत होती.

“असेल,” मी म्हणाले. “थांब, बघते.”